करून राहिली

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी आजही कोणी न विचारता सांगते. निकाल घेऊन अर्जुनीहून सायकल मारत घरी आले तेव्हा माय कोंबड्यांना कण्या टाकत होती. पास झाले म्हटल्यावर ती हसली, आणि मग तिला त्याहून महत्त्वाचं वाटत होतं ते तिनं विचारलं.

"जिल्हा येगळा निंगला म्हनते. खरं आहे का?"

"हो. आता आपला जिल्हा गोंदिया."

"काऊन पन? भांडन झालं का?"

"भांडण कशाचं? सोयीसाठी केला."

"सोयीसाठी कोनी येगळं निंगत नाई," माय म्हणाली. "काईतरी बोलाचाली झाली असन. तुले नाई सांगतलं त्याईनं."

तिचं तसं चुकत नव्हतं. आमच्याकडं एका घरात दुसरी चूल पेटली की गाव आधी भांडण शोधतं. सून सासूला बोलली असेल, नाहीतर पोरानं मायबापाला येगळं काढलं असेल. चूल वेगळी म्हणजे मन वेगळं, असा सरळ हिशेब. आणि गंमत म्हणजे पुढं आमच्याच घरात बिनभांडणाची दुसरी चूल मांडली ती मायनं. दादाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि काही महिन्यांत मायनं मागच्या खोलीत माती कालवून स्वतःसाठी छोटी चूल घातली. बाबा तर आधीच गेलेले. दादा चिडला, वहिनी रडली. माय म्हणाली, "मले माहा सयपाक आवडते, तिले तिचा आवडते. याच्यात रडाचं काय आहे?" मधे भिंत एकच, अंगण एकच, कोंबड्याही सामाईक. गावानं वर्षभर भांडण शोधलं, सापडलं नाही, तेव्हा नाइलाजानं सोडून दिलं.

मागच्या खोलीतली ती चूल हे मायचं राज्य होतं. पहाटे वांग्यात झिंगे टाकून भाजी करायची, भात मऊ की मोकळा ते आपण ठरवायचं, कोणी आलं तर कोणाला न विचारता चहा मांडायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणी केलेल्या बाईला आपल्या मर्जीनं जेवण्याचं किती अप्रूप असतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मी तर गोंदियाला नोकरीला लागले होते, लग्न झालं होतं, आणि गॅसवर काय पटकन होईल तेवढंच बघत होते.

मग मायला लकवा मारला.

सकाळी ती चहा पीत होती आणि चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लुगड्यावर सांडत होता. तिला ते कळतच नव्हतं. वहिनीनं पाहिलं. शेजारपाजार जमा झाला. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा, लगेच उतरते. दादा खरोखरच कबुतर शोधायला निघाला होता. वहिनीनं त्याला अंगणातच अडवलं. "कबूतर मंग पाहू. आधी जीप पाहा." जीप मिळाली, दुपारच्या आत माय गोंदियाच्या दवाखान्यात पोचली, आणि तिथं मोठे डॉक्टर म्हणाले, "टाइम पे लाए, अच्छा किया." हे श्रेय वहिनीचं. पुढं जे झालं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा, कारण गाव ते विसरलं.

दवाखान्यात मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं की मी बी.ए. आहे, जे काय असेल ते मला समजावून सांगा. डॉक्टरांनी समजावलं. बी.पी. वाढलं होतं, मेंदूतली एक नस बंद झाली होती, डावा हात-पाय गेला होता पण पूर्ण गेला नव्हता. "अम्मा को नमक कम. गोली कभी बंद नहीं करना, अच्छा लगे तो भी नहीं. और कसरत. घरवाले जितना अम्मा को खुद करने देंगे, उतना अच्छा."

शेवटचं वाक्य मी दादाला मराठीत सांगितलं, वहिनीला सांगितलं, आणि दोघांनीही मान हलवली. घरी नेल्यावर त्यांनी काय केलं? मायला पाटावरच्या गणपतीसारखं बसवून ठेवलं. आमच्या बौद्धांच्या घरात गणपती नसतो, म्हणून माय ही जागा आपल्याला मिळाली असं म्हणायची. वहिनी तिचं आंग धुवून द्यायची, वेणी घालायची, भात कालवून घास तोंडाशी न्यायची. उजवा हात ठणठणीत असताना घास. माय तोंड बंद करून घ्यायची.

"आत्याबाई, खा ना."

"मले हात आहे."

"तुमाले तरास कायले? मी आहो ना."

"तू आहेस तेच तं तरास आहे वो बाई."

वहिनी हे हसण्यावारी न्यायची. ती मनानं चांगली, आणि जेवढी चांगली तेवढी तिला थांबवणं अवघड.

मी शनिवारच्या पॅसेंजरनं गावी गेले. मागच्या खोलीत शिरले तर चूल नव्हती. दादानं ती फोडून, जागा सारवून, तिथं मायची बाज टाकली होती. धूर नको, माय पडली-बिडली तर निखारे नकोत, असा त्याचा विचार. जागाही स्वच्छ दिसत होती. माय बाजेवर बसली होती. जीभ अजून जडच होती, पण मला पाहून तिनं अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून विचारलं.

"माही चूल काऊन मोडली?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी."

"मी मेली का?"

"असं नको बोलू."

"मंग चूल काऊन मोडली?" मेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही, ती आपल्या जिवंतपणाचा पुरावा मागत होती. त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट धरली. हात वर करायचा तो चुलीसाठी, उभं राहायचं ते चुलीसाठी. डॉक्टरांनी सांगितलेली कसरत तिच्या लेखी चुलीपर्यंत जायचा रस्ता होता.

दवाखान्यातले कसरतीचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, सर तरुण होते, सातारा बाजूचे, गोंदियाला नुकतेच आलेले. गोंदिया शहरात सगळं हिंदीत चालतं, त्यामुळं आमची झाडीबोली त्यांच्या कानावर फारशी पडलेली नव्हती. माणूस मोठा मायाळू. मायला "आजी" म्हणायचे. आमच्याकडं अशा बाईला कोणी आजी म्हणत नाही, पण मायला ते आवडलं. दर वेळी गोंदियाला येणं जमणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग रविवारी फोन करा. मी विचारेन, आजी सांगतील, आणि पुढचं काय करायचं ते मी सांगेन." गावात मोबाईल नुकतेच आले होते. आमच्या अंगणात रेंज फक्त कोंबड्यांच्या खुराड्याजवळ यायची. दर रविवारी सकाळी मी मायला तिथं खुर्चीवर बसवायची, फोन लावायची आणि तिच्या कानाला धरायची.

मला फक्त मायचं बोलणं ऐकू यायचं. ते असं:

"हो बापा. बरी आहो... खुर्चीवरून उठबस? करून राहिली ना... हो, हो, करून राहिली... हात भिंतीवर? तेही करून राहिली."

मग ती ऐकायची, मान हलवायची, आणि फोन माझ्याकडं द्यायची. "पुढचं सांगतलं." आता उभं राहून वजन एका पायावर घ्यायचं. पुढच्या रविवारी, आता धरून चालायचं. त्याच्या पुढच्या, आता न धरता. मला वाटायचं, सर फारच भरभर पुढं नेतात. पण ते शिकलेले, आणि शिकलेल्या माणसावर माझा विश्वास जरा जास्तच.

डावा हात मात्र ऐकायचा नाही. सरांनी सांगितलं होतं, त्याला प्रत्येक कामात सोबत घ्या, मदतनीस म्हणून. मायनं त्याला मदतनीस नाही म्हटलं, जावई म्हटलं. "हा हात जावई झाला. येते, बसते, काई करत नाई, आनं त्याच्याकडंच पाहा लागते." आमचे हे तेव्हा तिथंच ताट घेऊन बसले होते. ते म्हणाले, "माय, मी ताट उचलतो ना." माय म्हणाली, "तुमाले नाई म्हनलं बापा. पन उचला."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांची ताटं उचलली. आणि मायनं जावयाला, म्हणजे हाताला, कामाला लावलं. तो भाजीवर नुसता ठेवायचा आणि उजव्यानं चिरायचं. आमच्याकडची विळी, पावशी म्हणतो आम्ही तिला, पायाखाली दाबून धरावी लागते. मायनं डावा पायच त्यावर ठेवायला सुरुवात केली, कारण "बसून बसून तोही जावई होईन." वांगं निसटायचं, अंगणात लांब जायचं, वहिनी धावायची. माय ओरडायची, "राहू दे. मी आनतो." आणि काठी टेकत वांगं आणायला जायची. कधीकधी कोंबडी आधी पोचायची.

गोळ्यांचंही तिनं स्वतःच बसवलं. घड्याळ तिला वाचता यायचं नाही, आणि वहिनीनं आठवण करून दिलेली तिला चालायची नाही. कोंबड्या सोडल्या की एक गोळी, कोंबड्या झाकल्या की एक गोळी. समोरच्या घरची बुढी एकदा म्हणाली, "आता बरी दिसून राहिली तू. गोळी कायले खातेस?" माय म्हणाली, "काल कोंबड्या झाकल्या होत्या, तरी आज झाका लागतेच ना?" मी घरी जाऊन हे आमच्या ह्यांना तीनदा सांगितलं.

असे काही आठवडे गेले आणि एका रविवारी माय फोनवर जरा जास्तच वेळ ऐकत राहिली. फोन परत देताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तोंडाचा वाकडेपणा थोडा उरला होता, त्यामुळं हसू एकाच बाजूनं यायचं.

"आता सयपाकघरात जा म्हने. चहा करा, भाजी करा म्हने. डाक्टरनं सांगतलं."

दादा तिथंच सायकलला तेल देत होता. त्यानं मान वर केली नाही. "करजो. सुनेच्या चुलीवर करजो, तिच्यासंगं."

"तिच्या चुलीवर तिचा सयपाक होते. मले माही चूल पाहिजे."

"माय, ते होनार नाई."

"काऊन?"

तेव्हा त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. "लोक काय म्हनतीन? मायले लकवा मारला आनं पोरानं येगळी काढली. आधी धडधाकट होतीस तं गोष्ट येगळी होती. आता म्हनतीन, हिची सेवा करा लागते म्हनून सुनेनं हाकलली. मले गावात राहाचं आहे."

तो काही खोटं बोलत नव्हता. माय नुसती भाजी चिरायला लागली तर बोरिंगवर पाणी भरताना वहिनीला ऐकावं लागलं होतं, "सासूले कामाले लावलं का वो?" वहिनीनं ते घरी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं, आणि पदर डोळ्याला लावला. जिनं जीप बोलावली, जिनं महिनोन्महिने आंग धुवून दिलं, तिला हे ऐकायला लागतं. माय म्हणाली, "त्यायच्या तोंडाले कोन झाकन लावन. पन माही चूल पाहिजे."

दादा म्हणाला, "दवाखान्यात जाऊन दाखवून ये आधी. तिथं डोळ्यानं पाहून सांगू दे डाक्टरले." त्याला वाटलं असेल, तिथं नाही म्हणतील. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

शनिवारी आम्ही गोंदियाला गेलो. सरांनी मायला आपल्या खोलीत घेतलं आणि म्हणाले, "चला आजी, दाखवा. न धरता त्या भिंतीपर्यंत आणि परत."

माय काठी टेकत निघाली. भिंतीपर्यंत गेली. वळताना मात्र तिचा तोल गेला आणि सरांनीच तिला धरलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हे झालं होतं ना? आजी तर म्हणाल्या होत्या, पूर्ण झालं म्हणून."

"माय, तू असं म्हणाली?"

"मी कई म्हनली? मी म्हनली, करून राहिली."

"हां, तेच," सर म्हणाले. "करून राहिली."

मी त्यांच्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "सर, तुमच्याकडं 'करून राहिली' म्हणजे काय?"

"म्हणजे... करून झाली. केलं आणि थांबली. असंच ना?"

"नाही सर. आमच्याकडं 'करून राहिली' म्हणजे करते आहे. अजून चालू आहे. 'जाऊन राहिलो' म्हणजे जातो आहे, पोचलो नाही."

सर खुर्चीवर बसले. "म्हणजे दर रविवारी मी विचारत होतो झालं का, आणि त्या सांगत होत्या की चालू आहे, आणि मी पुढचं देत होतो?"

"हो."

"आणि आजी, तुम्ही ते पुढचं करत होतात?"

"तुमी सांगतलं तं काय करन बापा. करून राहिली."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी मला वाटलं घाबरले; घाबरलेही असतील. पण खांदे हलत होते. मग ते उठले आणि मायला पुन्हा सगळं करायला लावलं, पहिल्यापासून, अगदी खुर्चीवरून उठण्यापासून. रविवारच्या फोनवर हा घोटाळा कोणालाच खटकला नव्हता. मला कसा खटकणार? मला तर मायचं बोलणं बरोबरच ऐकू येत होतं. त्यात दुसरा काही अर्थ निघू शकतो हे कळायला माणूस परगावचा असावा लागतो.

तपासून झाल्यावर सर गंभीर झाले. वळणं कच्चं आहे. पायऱ्या बंद. न धरता चालणं अजून दोन महिने नाही. "पण," ते म्हणाले, "उभं राहून काम करणं... हे माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळच पुढं आहे. एवढ्या लवकर मी हे दिलंच नसतं." मायनं विचारलं, "मंग सयपाक?" सरांनी अटी सांगितल्या. खाली बसून नाही. खालून उठताना पडाल. चूल कमरेइतकी उंच पाहिजे, मागं धरायला भिंत पाहिजे. जाळ पेटवताना आणि विझवताना घरात दुसरं कोणीतरी पाहिजे. मीठ मोजून. आणि यापुढं फोनवर मी तुमच्या मुलीशीही बोलेन.

"मी बी.ए. आहे," मी म्हटलं.

"तेच," सर म्हणाले.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. सौंदडच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "म्हंजे त्याले समजलंच नाई, आनं मी पुढं गेली." मी म्हटलं, "पडली असतीस तर?" ती म्हणाली, "पडली नाई ना." थोड्या वेळानं म्हणाली, "मिठाची बरनी तुह्या वयनीकडं ठेवीन. रोज सकाळी थेच मले देईन, वाटीत. तेवढंच टाकीन." म्हणजे अटी तिनं घेतल्या होत्या. दवाखान्याचं झालं होतं. उरला होता दादा, आणि दादाच्या पाठीमागं उभं असलेलं सगळं गाव.

दादानं अटी ऐकल्या. म्हणाला, "डाक्टरचं बरोबर आहे. पन डाक्टर बोरिंगवर पानी भराले येत नाई."

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळी मायनं पाण्याची लहान गुंडी उजव्या हातात घेतली. काठी सोडून. मी पुढं झाले तर म्हणाली, "मांगं राह्य. धरजो नको." भिंतीला डावा हात, म्हणजे जावई, घासत घासत ती गल्लीतून निघाली. बोरिंगपर्यंत ती लकवा मारल्यापासून गेलेली नव्हती. मी मागं, हात पुढं केलेले, धरायचं नाही आणि सोडवत नाही, अशी. वाटेत ती दोनदा थांबली. वहिनी आधीच पाण्याच्या रांगेत होती. सासूला येताना पाहून तिनं घागर खाली टाकली, पण मायनं हातानंच थांबवलं.

बायका जमल्या. समोरची बुढी म्हणाली, "काय वो बाई, सून इथं आहे आनं तू पानी भराले?"

माय बोरिंगच्या ओट्यावर बसली, दम घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. जीभ जड असल्यानं ती हळू बोलायची, त्यामुळं एकही शब्द कोणाचा हुकला नाही.

"मी सुनेले येगळी काढली."

बोरिंगचा दांडा हातात असलेली बाई तो हलवायचा विसरली.

"काऊन?"

"तिले सयपाक नाई येत. अळनी. मीठच नाई टाकत भाजीत. इतके दिवस मी पडून होती तं खाल्लं, करतो काय. आता मी उभी झाली. पोराले सांगतलं, तुही बायको तू सांभाळ, तिच्या हातचं तू खा. माही चूल येगळी मांडून दे."

"आनं पोरगा काय म्हनते?"

"त्याचं काय चालते? बायकोच्या बाजूनं बोलून राहिला. पन मी ऐकत नाई. घर माह्या नावावर आहे."

वहिनी रांगेत उभी होती. तिनं खाली मान घातली आणि पदर तोंडात कोंबला. तिची पाठ गदगदत होती. मी जवळ असल्यानं मला दिसलं की ती हसू दाबत होती, पण बायकांना वाटलं रडते आहे. ज्या बाईनं तिला सासूला कामाला लावलं का म्हणून विचारलं होतं, तिनंच पाठीवर हात ठेवला. "राहू दे पोरी. म्हाताऱ्या लोकायचं असंच असते. इतकं केलं तू, आनं हे फळ." दुसरीनं वहिनीची घागर आपणहून भरून दिली, रांग मोडून.

घरी आल्यावर वहिनी अंगणात उभी राहिली आणि पोटभर हसली. मग म्हणाली, "आत्याबाई, मले सयपाक नाई येत का?"

"येते."

"मंग?"

"मीठ नाई टाकत, हे खरं नाई का?"

दुपारी दादा शेतातून आला तेव्हा त्याला वाटेत निदान चार जणांनी समजावलं होतं की बुढीचं मनावर घेऊ नको, बायकोला जप. तो दारातच उभा राहिला. "माय, तू काय सांगून राहिली गावात?"

"जे तुले सांगता येत नव्हतं ते."

दादानं वहिनीकडं पाहिलं. वहिनी म्हणाली, "माह्याकडं काय पाहता? मले तं येगळी काढली." तेव्हा त्याच्याही मिशीखाली हलल्यासारखं झालं. तो बाहेर जाऊन माती घेऊन आला.

बाज उचलून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. भिंतीला लागून विटा-मातीचा ओटा घातला. उंचीसाठी दादानं मायलाच शेजारी उभं केलं आणि तिच्या कमरेशी हात लावून खूण केली, माय म्हणाली, "थोडा खाली, मी आनखी वाकन आता." दादा म्हणाला, "वाकजो नको." ओट्यावर मायनं स्वतः चूल घातली, एका हातानं माती दाबत, दुसरा नुसता वर ठेवून. ती जरा वाकडीच झाली. वाळायला आठवडा लागला आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले.

त्या दिवशी आम्ही सगळे मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो, आणि कोणालाही उठायची परवानगी नव्हती. मायनं ओट्याशी उभं राहून सुरीनं वांगी चिरली. एक निसटलं, ती गेली, घेऊन आली. वहिनीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, नाहीतर ते आपोआप उठले असते. जाळ पेटवताना दादा दोनदा अर्धा उठला आणि दोनदा खाली बसला. तांदूळ धुताना निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. माय थांबायची, भिंतीला पाठ लावायची, दम घ्यायची, पुन्हा सुरू. आमच्या पोटात कावळे ओरडत होते. आमचे हे हळूच म्हणाले, "गोंदियाची गाडी..." मी त्यांना कोपर मारलं.

उन्हं कलती झाली तेव्हा ताटं वाढली गेली. मायनंच वाढली, भिंतीला धरून, एकेक. सगळ्यांनी पहिला घास घेतला. भाजी अळणी होती, ते ठरलेलंच होतं. पण भात बुडाला लागला होता, आणि वास सगळ्या खोलीत भरला होता. वहिनी मन लावून चावत होती.

मायनं उभ्या उभ्या सगळ्यांची तोंडं पाहिली.

"करपला ना?"

"थोडासा," दादा म्हणाला.

"करपला तं करपला," माय म्हणाली. "माह्या चुलीवर करपला." आणि तिनं पातेलं ओट्याच्या काठावर ओढून घेतलं, डावा हात त्याच्या कडेवर ठेवला, उजव्यानं खालची खरवड काढली आणि कोणाला पाहिजे म्हणून विचारलं.

दादानं ताट पुढं केलं.